सिंधूच्या मृत्यूचा दोष वाटून संपत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या तालुक्यातील एका वाचनालयाने ग्रामदेवतेच्या उत्सवात झालेल्या ‘एकच प्याला’च्या प्रयोगानंतर अभिरूप न्यायालय भरवले आणि ‘सिंधूच्या मृत्यूला जबाबदार कोण?’ या प्रश्नावर निकाल दिला, त्याचे सविस्तर वृत्त आपल्या दैनिकात वाचले. शंभर वर्षांपूर्वीच्या नाटकावर गावातली माणसे कामधंदा बाजूला ठेवून वाद घालतात, ही गोष्ट आनंदाची आहे आणि त्याबद्दल आयोजकांचे अभिनंदन केले पाहिजे. पण निकाल वाचून मी अस्वस्थ झाले. परीक्षकांनी दोषाची टक्केवारी ठरवली. सर्वांत मोठा वाटा तळीरामाला दिला, त्याखालोखाल सुधाकराचा अपमान करणाऱ्या मुन्सफाला (कनिष्ठ न्यायाधीशाला) दिला, सुधाकराला ‘परिस्थितीचा बळी’ म्हणून बरीच सूट दिली आणि ‘अतिरेकी पातिव्रत्यामुळे’ खुद्द सिंधूच्या पदरातही एक वाटा घातला. या निकालाला माझा आक्षेप आहे आणि तो सविस्तर मांडण्याची परवानगी असावी.

नव्या वाचकांसाठी कथानक थोडक्यात सांगते. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले आणि त्यानंतर महिना उलटण्यापूर्वीच, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास हे नाटक रंगभूमीवर आणले. सुधाकर हा बुद्धिमान आणि मानी वकील. मुन्सफाशी खटका उडून त्याची वकिलीची सनद सहा महिन्यांसाठी जाते. त्या अपमानाची आग विझवायला त्याचा कारकून तळीराम त्याच्यापुढे पहिला प्याला धरतो आणि पुढे घर उतरणीला लागते. भाऊ पद्माकर सिंधूला माहेरी न्यायला येतो, तेव्हा ती जात नाही. माहेरच्या पैशाला न शिवण्याची अट पत्करून ती दळणकांडण करू लागते. मध्यंतरी सुधाकर दारू सोडतो, काम शोधत हिंडतो, कुठेच थारा मिळत नाही आणि तो पुन्हा प्यायला लागतो. अखेर नशेतल्या त्याच्या प्रहाराने तान्हे मूल जाते, सिंधूही जाते, आणि जाताना नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटा जबाब देऊन जाते. सुधाकरही शेवटी विष घेऊन संपतो.

आता आक्षेपाकडे येते. आमच्या कोकणात एकेका कलमबागेच्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला आणे-पै येतात. एकाचा हिस्सा वाढला की दुसऱ्याचा तेवढाच घटतो. परीक्षकांनी दोषाचीही अशीच आणेवारी काढलेली दिसते. जमिनीचे क्षेत्र ठरलेले असते म्हणून तिथे तो हिशेब बरोबर आहे. दोषाचे क्षेत्र ठरलेले नसते. तळीरामाचे पाप कितीही मोठे ठरले तरी त्यामुळे सुधाकराचे पाप एका पैनेही कमी होत नाही, कारण तळीरामाने केले ते तळीरामाचे आणि सुधाकराने केले ते सुधाकराचे. एका मृत्यूला पाच माणसे जबाबदार असू शकतात आणि त्यांपैकी एखादा स्वतःच्या कृत्याबद्दल पूर्णच्या पूर्ण जबाबदार असू शकतो. हे मान्य केले नाही, तर आरोपींची यादी जितकी लांबेल तितका प्रत्येक आरोपी हलका होत जाईल आणि अखेरीस सगळेच थोडेथोडे दोषी असल्याने कोणालाच काही विचारता येणार नाही. त्या संध्याकाळी सुधाकराच्या बाबतीत नेमके हेच घडले, असे वृत्तावरून वाटते.

म्हणून प्रत्येक पात्राला निरनिराळे उभे करून विचारावे की त्याला त्या वेळी काय ठाऊक होते, त्या वेळी त्याच्या हातात काय होते आणि त्याने प्रत्यक्षात काय केले. हे विचारताना आजची समज शंभर वर्षे मागे नेऊन त्यांच्यावर लादू नये, हेही पथ्य पाळावे लागेल.

तळीरामाबद्दल फार बोलण्याची गरज नाही. दुःखाने पोळलेल्या माणसापुढे त्याने प्याला धरला, नंतर त्याला आर्यमदिरामंडळाच्या, म्हणजे दारू पिणाऱ्यांच्या मंडळाच्या, बैठकीत रुळवले आणि हे सारे परिणाम समोर दिसत असताना केले. त्याला दोषी ठरवण्यात चूक नाही. चूक आहे ती त्याच्यावर येऊन थांबण्यात. तळीरामाने प्याला पुढे केला, सुधाकराच्या घशात ओतला नाही. शिवाय तोही त्याच दारूने संपतो, आणि गेलेल्या माणसावर खटला चालवणे सर्वांनाच सोयीचे असते. उत्सवातल्या प्रयोगांत मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे की मदिरामंडळाच्या प्रवेशाला सर्वांत जास्त हशा पिकतो आणि तळीरामाचे काम करणाऱ्या नटाला वन्समोअर मिळतो. तो हशा गडकऱ्यांनी जाणूनबुजून मागितला आहे, त्याबद्दल प्रेक्षकांना दोष देता येत नाही. पण रात्री ज्याच्यावर आपण खूश होतो, त्याच्याच माथी सकाळी सगळे खापर फोडून मोकळे होतो, एवढे तरी ध्यानात घ्यायला हवे.

सुधाकराला ‘परिस्थितीचा बळी’ म्हणणे मला मान्य नाही. मुन्सफाने केलेला अपमान खरा होता, शिक्षा कदाचित अन्यायाची होती, पण ती सहा महिन्यांची होती. अशिलांनी भरलेले घर, जीव टाकणारी बायको, रामलालसारखा मित्र आणि स्वतःची तल्लख बुद्धी हे सगळे त्याच्यापाशी होते. अपमान गिळून सहा महिने थांबणे एवढेच त्याला करायचे होते आणि नेमके तेच त्याच्या स्वाभिमानाला जमले नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे येते. व्यसनाच्या पायऱ्या एकेक करून उलगडणारे सुधाकराचे प्रसिद्ध भाषण ज्यांनी लक्ष देऊन ऐकले असेल, त्यांना तो अंधारात चाचपडत होता असे म्हणता येणार नाही. आपण कुठे उभे आहोत, इथून खाली काय आहे आणि परतणे का अवघड आहे, हे नाटकात त्याच्याइतके स्वच्छ कोणालाच दिसत नाही. त्या भाषणाला आपण टाळ्या वाजवतो त्या त्याच्या वाणीला. आणि इतके कळणारा माणूस घरात तान्हे मूल असताना पुन्हा प्यायला बसतो, हे त्या टाळ्यांत विसरून जातो.

‘तो शुद्धीवर नव्हता’ हा बचाव अभिरूप न्यायालयात मांडला गेला आणि परीक्षकांनी तो काही अंशी मान्य केला, असे वृत्तात म्हटले आहे. कायद्यानेही हा बचाव इतका सहज मान्य केलेला नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेची ८५ आणि ८६ ही कलमे याच विषयावरची होती, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच तत्त्व २३ आणि २४ या कलमांत कायम राहिले आहे. माणसाला त्याच्या नकळत किंवा त्याच्या इच्छेविरुद्ध नशा दिली गेली असेल आणि त्यामुळे आपण काय करतो आहोत हे त्याला समजत नसेल, तर त्याला सूट आहे. आपखुशीने प्यालेल्याला ती नाही. नीतीच्या न्यायालयाने कायद्याहून सैल असावे, याला काय कारण? सुधाकराची शेवटची नशा पहिल्या प्याल्याइतकी अजाण नव्हती. दारू सोडून पाहिलेला, तिचे सर्व परिणाम भोगलेला आणि घरात कोण आहे हे पक्के ठाऊक असलेला माणूस त्या वेळी प्याला. हात उगारताना तो शुद्धीवर नसेल. प्याला उचलताना होता.

आणि भगीरथाचे काय? प्रेमभंगामुळे तोही दारूच्या आहारी गेलेला आहे, त्याच मंडळातला आहे, आणि रामलालच्या संगतीने तो बाहेर येतो व लोकसेवेला लागतो. अभिरूप न्यायालयात भगीरथाचे नावही कोणी काढले नसावे, निदान वृत्तात तरी ते नाही. त्याला साक्षीला बोलावले असते, तर दोन गोष्टी एकदमच सिद्ध झाल्या असत्या. पहिली, की त्या गर्तेतून वर येणे अशक्य नव्हते. म्हणजे सुधाकराची जबाबदारी कायम राहते. दुसरी, की वर येणाऱ्याला कोणाचा तरी हात आणि करायला काहीतरी काम लागते. आणि इथे ज्यांच्यावर कोणीच आरोप ठेवला नाही, अशा माणसांकडे आपले लक्ष जाते.

दारू सोडलेला सुधाकर गावातल्या प्रतिष्ठितांच्या दारी जातो. प्रत्येक जण त्याला परत पाठवतो. ही माणसे नाटकात क्षणभर येतात आणि जातात, म्हणून अभिरूप न्यायालयाच्या यादीत त्यांना जागा मिळाली नाही. माझ्या मते मुन्सफाहून त्यांचा दोष मोठा आहे. मुन्सफाला पुढचे काहीच ठाऊक नव्हते. एका वकिलाचा पाणउतारा केल्याने दोन जीव जातील, असे त्याच्या स्वप्नातही आले नसेल. या सज्जनांना मात्र सर्व ठाऊक होते. समोर उभा असलेला माणूस कोणत्या अवस्थेतून आला आहे, त्याच्या घरात बायको दळण दळते आहे आणि आपण ‘नाही’ म्हटल्यावर तो कुठे जाईल, याचा अंदाज त्यांना होता. त्यांनी कोणालाही मारले नाही, कोणाला दारू पाजली नाही, कायद्याने ते पूर्ण निर्दोष आहेत. त्यांच्यापैकी एकट्याने नकार दिला असता तर फारसे बिघडले नसते, हेही खरे. सगळ्यांनी मिळून दिलेला नकार मात्र सिंधूच्या घरावर येऊन पडला, आणि प्रत्येकाच्या मनात ‘नकार काही मी एकट्यानेच दिला नाही’ एवढे समाधान शिल्लक राहिले. त्यांच्या नकाराने सुधाकराचा हात हलका होत नाही, हे पुन्हा सांगते. पण त्यांना मोकळे सोडणेही योग्य नाही.

पद्माकर आणि रामलाल यांच्याविषयी लिहिताना मला सर्वांत जड जाते, कारण ही दोन्ही माणसे चांगली आहेत. भावाचे प्रेम खरे आहे, मित्राची तळमळ खरी आहे, आणि दोघांनीही विनवण्यांत काही कमी केलेले नाही. पण सिंधूने नकार दिल्यावर तिच्या शब्दाचा मान राखणे हेच त्यांनी आपले शेवटचे कर्तव्य मानले. मोठ्या माणसाने स्वतःविषयी घेतलेला निर्णय आपण मानावा, हे मलाही पटते. ज्या घरात नवरा रोज पिऊन येतो, त्या घरातले पाळण्यातले मूल मात्र कोणत्याच शपथेने बांधलेले नव्हते. मामा म्हणून त्या मुलापुरता हट्ट धरणे पद्माकराला शक्य होते. दिवसाचे काही तास तरी त्या घरात कोणी तिसरे माणूस असेल, अशी तजवीज करता आली असती. बहिणीचा पैशाला नकार होता, सोबतीला नव्हता. १९१९ साली बापाकडून मूल काढून घेणे सोपे नव्हते, याची मला जाणीव आहे, आणि म्हणून मी या दोघांना दोषी म्हणत नाही. धोका ठाऊक असलेली आणि काहीतरी करू शकणारी माणसे एवढेच त्यांचे वर्णन करते. एवढ्यानेही त्यांना काही प्रश्न विचारता येतात.

आता सिंधू. तिच्या मृत्यूत तिचाच वाटा आहे, हा निकाल ऐकून सभागृहात टाळ्या पडल्या, असे आपल्या वार्ताहराने लिहिले आहे. टाळ्या वाजवणाऱ्यांचा हेतू वाईट नसावा. बायकांनी सोसत राहू नये, असेच त्यांना म्हणायचे असेल. तरीही तो निकाल चुकीचा आहे. ती माहेरी गेली असती तर वाचली असती, हे कारणमीमांसा म्हणून खरे आहे. पण ‘ती तिथे होती म्हणून मेली’ आणि ‘ती आपल्या मरणाला जबाबदार आहे’ ही दोन निरनिराळी विधाने आहेत. आपल्या घरात असणे हा कोणाचाही अपराध होऊ शकत नाही. शिवाय पतीला सोडणे म्हणजे अधर्म, हे तिला जन्मापासून शिकवले कोणी? ज्या समाजाने ते शिकवले, त्याच समाजाचे वारस शंभर वर्षांनी तिला विचारतात की बाई, तू इतकी ऐकलीस कशाला. तळीरामाची बायको गीता हिने तसे ऐकले नाही, ती फटकळपणे बोलते, प्रतिकार करते. गडकऱ्यांनी तिला सिंधूच्या शेजारी उभे केले आहे ते प्रेक्षकाला दुसरी वाट दिसावी म्हणून, सिंधूवर आरोपपत्र दाखल करण्यासाठी नव्हे, असे मला वाटते.

मृत्यूच्या दारात तिने दिलेल्या खोट्या जबाबावरही बरीच चर्चा झाली. काहींनी त्याला पातिव्रत्याचा कळस म्हटले, काहींनी गुन्ह्याला पाठीशी घालणे म्हटले. तो जबाब ऐकणाऱ्यांविषयी मात्र कोणी बोलले नाही. मी नोकरीत असताना, खाडीकाठच्या एका वाडीतली बाई मुलीचा दाखला न्यायला शाळेत आली होती. कपाळाला पट्टी होती. चिऱ्याच्या पायरीवर शेवाळावरून पाय घसरला, असे तिने न विचारताच सांगितले. चैत्र सरत आला होता, विहिरी तळाला गेल्या होत्या आणि पायरीवरचा चिरा असा तापला होता की अनवाणी पाय ठेववत नव्हता. तिची मुलगी आईकडे न बघता दाखल्याच्या कागदाची कड दुमडत आणि उलगडत उभी होती. कचेरीत बसलेल्यांपैकी एकाने ‘जपून चालावं हो माणसानं’ म्हटले, बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि विषय संपला. चैत्रात शेवाळ नसते, हे कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाही. ती बाई खोटे बोलली यात शंका नाही, पण ते खोटे उभे राहिले ते ऐकणाऱ्यांनी ते तसेच स्वीकारल्यामुळे. सिंधूचा जबाबही एकटीने टिकत नाही. आजूबाजूच्या साऱ्यांना सत्य ठाऊक असूनच तो टिकतो. म्हणून त्या असत्याची जबाबदारी मरणाऱ्या बाईवर टाकताना मन कचरले पाहिजे.

सिंधूला एकच प्रश्न विचारता येईल, तो मुलाविषयीचा, आणि तोही हात जोडून. स्वतःचा जीव धर्मावर ओवाळून टाकण्याचा अधिकार तिला असेलही. मुलाचा जीव त्या ताटात नव्हता. मुलाला कितपत धोका आहे, हे तिला कळले होते की नाही, यावर या प्रश्नाचे उत्तर अवलंबून आहे, आणि नाटक वाचून मला असे वाटते की तिला ते पुरते कळलेले नव्हते. आपला नवरा आपल्याला मारील, पण बाळाला हात लावणार नाही, यावर तिचा विश्वास असावा. असा विश्वास आजही अनेक घरांत अनेक बायका बाळगून आहेत.

पहिल्या प्रयोगापासून या नाटकाला प्रेक्षकांनी अश्रूंची दाद दिली. ऐश्वर्यसंपन्न वेशभूषेसाठी प्रसिद्ध असलेले बालगंधर्व सिंधूसाठी साधे, फाटके लुगडे नेसून उभे राहिले आणि लोक हेलावले. समोर गणपतराव बोडसांचा सुधाकर होता. त्या परंपरेला मी मनापासून नमस्कार करते. पण सिंधूसाठी इतके रडले गेले की त्या रडण्यात मूल झाकले गेले. आपल्या वृत्तात ‘सिंधूचा मृत्यू’ हे शब्द अनेकदा आले आहेत आणि ‘बाळाचा मृत्यू’ एकदाही नाही. ज्याने कोणतीही शपथ घेतली नाही, कोणताही प्याला उचलला नाही, कोणाचाही अपमान केला नाही आणि ज्याला घर सोडून जाण्याचा पर्यायच नव्हता, असे त्या घरात ते एकच माणूस होते.

हेच अभिरूप न्यायालय पुढील महिन्यात शेजारच्या तालुक्यातही भरणार असल्याचे आपल्या वृत्तात शेवटी म्हटले आहे. आयोजकांना माझी विनंती आहे की त्या वेळी टक्केवारीचा फलक काढून टाकावा आणि प्रत्येक पात्राविषयी स्वतंत्र निकाल द्यावा. भगीरथ आणि गीता यांना साक्षीदार म्हणून बोलवावे. सुधाकराला नोकरी नाकारणाऱ्या सज्जनांपैकी निदान एकाला पिंजऱ्यात उभे करावे, त्यासाठी गावातलाच एखादा चांगला नट मिळेल. आणि आरोपपत्रात बाळाच्या मृत्यूचे कलम पहिले लिहावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षिका
राजापूर, जि. रत्नागिरी